आडवा हात

त्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसून दार लावलं, ओली छत्री पायाशी ठेवली आणि म्हणाला, "नमस्कार. आपल्याला थांबावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व."

बस्स, एवढंच. पण ऐकलं आणि शेजारी बसलेल्या तिच्या डोक्यात तिडीक गेली.

माणसात तसं खटकण्यासारखं काही नव्हतं. पंचेचाळिशी ओलांडलेला, कानाशी केस पिकलेले, शर्टाला कडक इस्त्री, आणि चेहऱ्यावर शाळेच्या पहिल्या दिवशी दिसतात तसे भाव. खटकला तो आवाज. शांत, गोड, कसलीच घाई नसलेला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, गेलं वर्षभर तो तिच्या कानाला चिकटून बसला होता.

"एक वाक्य म्हणून दाखवता?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"आपण रांगेत आहात."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "कृपया... प्रतीक्षा करा," तो पुटपुटला. मग चोरट्या नजरेने तिच्याकडे बघत म्हणाला, "तुम्हीही शिव्या दिल्यात का मला?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"सगळेच देतात. माझी सख्खी बहीणसुद्धा देते," तो समजुतीने म्हणाला, आणि गाडी सुरू करायला म्हणून त्याने वायपर लावले.

तिने डोळे मिटून घेतले. वर्षभर ज्याचा गळा धरावासा वाटत होता, तो माणूस आपणहून हाताशी येऊन बसला होता, आणि त्याला तिने गाडी शिकवायची होती. तीही धीराने.

आता तिची बाजूही ऐकली पाहिजे. विमा कंपनीतली चांगली चालती नोकरी तिने थोरलीच्या वेळी 'वर्षभरापुरती' सोडली होती. मग धाकटी झाली, आणि त्या वर्षाची बघता बघता सोळा झाली. मधे कधीतरी नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथेच रमला आणि रीतसर वेगळाही झाला. मुली आपल्या दप्तरांसकट तिच्याकडे राहिल्या. त्या जरा मोठ्या झाल्यावर ती पुन्हा नोकरी शोधायला निघाली, आणि तेव्हा तिला कळलं की जगाच्या हिशेबी ती सोळा वर्षं झोपून होती.

"मधल्या काळात आपण नेमकं काय करत होता?" मुलाखत घेणारी पोरं विचारायची. ही पोरं तिच्या थोरलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असत.

"मुली वाढवत होते."

"ते ठीक आहे. पण काम?"

अशा वेळी ती ओशाळं हसायची आणि 'सॉरी' म्हणायची. कशाबद्दल, ते देवाला ठाऊक. घरी येऊन स्वतःच्याच हसण्याचा तिला इतका राग यायचा की त्या दिवशी भांडी जास्त स्वच्छ निघत. मग अर्जाचं पुढे काय झालं हे विचारायला फोन लावायचा. फोनवर हा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कंपनी कुठलीही असो, हा ठरलेला. मुलींनी त्याचं नावही ठेवलं होतं: रांगेतले काका. "आई, रांगेतले काका काय म्हणाले?" धाकटी शाळेतून आल्या आल्या विचारायची.

असंच एकदा ती पोहण्याच्या तलावाबाहेर गाडीत धाकटीची वाट बघत बसली होती, आणि तिच्या लक्षात आलं की सोळा वर्षांत एक काम आपण एक दिवसही न चुकता केलंय. गाडी चालवणं. शाळा, दवाखाना, क्लास, तलाव. मागे एक रडतेय, दुसरी उलटी करतेय, आणि पुढे सिग्नल लाल. हे ज्याला जमलं त्याला दुसऱ्याला चालवायला शिकवणं काय अवघड? त्याच आठवड्यात तिने शिक्षकाचा परवाना काढायला घेतला, आणि तो हातात पडताच एका ड्रायव्हिंग स्कूलची पायरी चढली.

स्कूलची मालकीण तिच्याहून दहा वर्षांनी लहान होती. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं. "तीन महिने बघू," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमचा पहिला विद्यार्थी परीक्षेत पास झाला की तुम्ही कायम. नाही झाला, तर मी दुसरं कुणीतरी बघते." आणि पहिला विद्यार्थी म्हणून त्यांनी तिच्या गळ्यात हा बांधला. याच्यापुढे आधीच्या दोन मास्तरांनी हात टेकले आहेत, हे तिला नंतर कळलं.

"इतकी वर्षं गाडी का शिकला नाहीत?" तिने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"रेकॉर्डिंगचा स्टुडिओ घरासमोर होता. रस्ता ओलांडला की ऑफिस."

"मग आता कशाला शिकताय?"

"आता यंत्राला माझा आवाज येतो. मला बोलवावंच लागत नाही. मी घरी चहा पीत असतो आणि तिकडे मी बोलतच असतो." तो हे हसून म्हणाला, पण त्याने गिअरचा दांडा जरा जास्तच घट्ट धरला होता. "फिरत्या वाचनालयात जागा निघाली होती. व्हॅन घेऊन लांबच्या वस्त्यांवर जायचं, मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. वाचून दाखवण्यात मी पहिला आलो."

"आणि व्हॅन?"

"तेवढं एक राहिलंय."

तिने मनातल्या मनात त्याला जरा माफ केलं. तेवढ्यात उजवीकडे वळायचं होतं, आणि वळण्याची खूण म्हणून त्याने पुन्हा वायपर लावले.

"अहो, तो वायपर आहे."

"पाऊस येईल असं वाटलं."

"ऊन पडलंय."

"तुमच्या चेहऱ्यावर नाही पडलेलं," तो म्हणाला, आणि तिने खिडकीबाहेर बघितलं, कारण हसू येणं हे शिस्तीला धरून नव्हतं.

वैताग फक्त त्याचाच असता तर एक वेळ चाललं असतं. तिला वैताग स्वतःचाही यायचा. इतकी वर्षं केलेलं आईपण अंगातून जाता जात नव्हतं. गाडी निघायच्या आधी तिच्या तोंडून आपोआप निघे, "पाणी प्यायलात? बाथरूमला जायचंय का?" त्यावर तो गंभीरपणे म्हणे, "नाही. पण विचारल्याबद्दल आभारी आहे." त्याने गाडी नीट मागे घेतली की ती "शहाणा माझा" म्हणून जीभ चावायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा हात.

झालं असं की चौथ्या की पाचव्या दिवशी गल्लीतून एक सायकलवाला अचानक समोर आला. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तिने तो दाबला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी तिचा उजवा हात सपकन त्याच्या छातीवर आडवा गेला, आणि तोंडातून निघालं, "घाबरू नका, मी आहे."

गाडी थांबली. सायकलवाला शिट्टी मारत निघून गेला. इकडे गाडीत शिकणाऱ्याची हनुवटी तिच्या बाहीवर टेकली होती.

"सॉरी," हात मागे घेत ती म्हणाली. "सवय आहे."

"कुणाची?"

"मुलींची. पुढच्या सीटवर बसायच्या ना... ब्रेक मारला की आधी हात जातो."

त्याने चुरगळलेला शर्ट नीट केला. मग त्याच त्या सावकाश आवाजात म्हणाला, "राहू द्या ना."

"काय?"

"सवय."

तिने त्याला तीन वेळा चौक फिरवून आणलं. शिक्षा म्हणून.

मालकीणबाईंनी मात्र हा प्रकार एकदा मागच्या गाडीतून पाहिला आणि तिला ऑफिसात बोलावलं. "तुमच्या पायाखाली ब्रेक आहे. मग हात कशाला जातो? चालवणाऱ्याच्या हातांत अडकला म्हणजे? आईपण घरी ठेवून येत चला."

"सॉरी," ती म्हणाली, आणि तेच ओशाळं हसू तोंडावर आलेलं तिला स्वतःलाच जाणवलं. संताप संताप झाला तिचा.

दुसऱ्या दिवसापासून ती उजवा हात मांडीखाली दाबून बसू लागली.

"हात दुखतोय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग त्याच्यावर का बसलात?"

"तुम्ही समोर बघा."

"समोर भिंत आहे."

"म्हणूनच म्हणतेय, बघा. अहो, ब्रेक."

हे 'अहो' आई त्याच्याशी फोनवर बोलत असताना थोरलीने एकदा ऐकलं. "आई," ती भुवया उंचावून म्हणाली, "तू बाबांनाही कधी अहो म्हणाली नव्हतीस." धाकटीला तर ऊतच आला. "रांगेतले काका आता रांगेत नाहीत वाटतं," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गिरकी घेऊन गेली. दोघींना दामटून अभ्यासाला बसवताना आपले कान गरम झालेत, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचाही तिला रागच आला. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय काय सहन करायचं?

मग तो मुसळधार पावसाचा दिवस आला. समोरचं काही दिसेना, म्हणून तिने गाडी झाडाखाली लावायला सांगितली. काचांवर वाफ धरली. टपावर पाण्याचा एकसारखा आवाज. त्याने पिशवीतून मुलांचं चित्रांचं पुस्तक काढलं.

"सराव करू का? हरकत नसेल तर..."

"करा. निदान वायपर तरी लावणार नाही तुम्ही."

तो वाचू लागला. हरवलेल्या बदकाची साधी गोष्ट होती. ज्या आवाजाने तिचा वर्षभर जीव खाल्ला होता, तोच आवाज आता बदकाच्या पिलाला घर शोधून देत होता, हळू, जपून, मधे थांबत. मुलींना तिने अशा कितीतरी गोष्टी वाचून दाखवल्या होत्या, वाचता वाचता डोळे मिटत असतानाही. तिला कुणी वाचून दाखवली होती? आठवेना. आठवता आठवता तिची मान खिडकीला टेकली.

जागी झाली तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. त्याची छत्री उघडून तिच्या खिडकीत अडकवलेली होती, ऊन लागू नये म्हणून.

"किती वेळ झाला?" ती दचकून म्हणाली. "उठवायचं नाही का?"

"आपण रांगेत होतात," तो हळूच म्हणाला. "आपल्याआधी रांगेत बरीच राहिलेली झोप उभी होती."

तिने रागावायचा मनापासून प्रयत्न केला. जमला नाही.

परीक्षेच्या दिवशी नियमाप्रमाणे ती मागे बसली आणि पुढे परीक्षक. भरघोस मिशा, छातीशी फाईल, चेहऱ्यावर सबंध जगाविषयी नाराजी. तिने दोन्ही मुठी आवळल्या होत्या. हा माणूस आज पास झाला तर तिला कुणी 'पण काम?' असं पुन्हा विचारणार नव्हतं. नाही झाला, तर पुन्हा ते अर्ज, ती पोरं, ते हसू.

आणि त्याने कमाल केली. आरसा पाहिला. वळताना दिवाच लावला. चढावर गाडी तसूभरही मागे येऊ दिली नाही. शेवटच्या वळणावर दोन मोटारींच्या मधून एक कुत्रं पळत आलं. त्याने ब्रेक मारला, इतका नेमका की तिलाही मारता आला नसता. गाडी जागच्या जागी थांबली.

आणि त्याचा डावा हात सपकन परीक्षकांच्या छातीवर आडवा गेला. फाईल खाली पडली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. त्या शांत गाडीत तो गोड आवाज घुमला, "घाबरू नका, मी आहे."

मागच्या सीटवर तिने ओढणीत तोंड लपवलं.

"एवढ्या नोकरीत," परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "माझ्या छातीवर कुणी हात ठेवला नव्हता. स्टिअरिंग सोडलंत तुम्ही. नापास."

परत येताना गाडी ती चालवत होती आणि तो शेजारी बसला होता. दोन सिग्नल मागे पडले. शेवटी तिने गाडी कडेला घेतली.

"ते कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्ही."

"मी? मी स्वतःचा हात दाबून बसत होते. मांडीला मुंग्या येईपर्यंत."

"पण बसायच्या आधी पाहिलं होतं ना मी." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "तुम्ही सांगता ते मला पटकन येत नाही. तुम्ही करता ते येतं. आणि... खरं सांगू? मी इतकी वर्षं लोकांना थांबा म्हणत आलो. माझ्यासाठी कुणी असा हात पुढे केला नव्हता. लग्न ठरायचं, मोडायचं, मग ठरवायचंच राहून गेलं. वाईट वाटायचंही बंद झालं होतं. तुमचा हात आला आणि... मला तुम्ही आवडता. फार आवडता. वैतागलेल्या तर जास्तच."

तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. "अहो, ही काय वेळ आहे का? माझी नोकरी चाललीय."

"मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगितलं. उद्यापासून तुम्ही शेजारी नसाल."

तिने निघायला म्हणून दिवा लावायला हात घातला, आणि वायपर सुरू झाले. या वयात असला गोंधळ होत नाही, अशी तिची ठाम समजूत होती.

"उत्तर?" त्याने अगदी हळू विचारलं.

"आपण रांगेत आहात," ती नाक ओढत म्हणाली. "प्रतीक्षा करा."

ऑफिसात मालकीणबाईंना बातमी आधीच कळली होती. "आपलं ठरलं होतं," त्या म्हणाल्या.

'सॉरी' तिच्या ओठांपर्यंत आलं. ते ओशाळं हसूही त्याच्या मागोमाग निघालं होतं. तिने दोन्ही गिळलं.

"ठरलं होतं, मला माहीत आहे. पण त्याने ब्रेक कसा मारला ते परीक्षकांना विचारा. महिन्यापूर्वी हा माणूस वायपर लावून वळत होता. हाताची खोड माझी आहे, त्याची नाही. सोळा वर्षं माझ्या शेजारी मुली बसल्या आणि एकीचंही डोकं काचेला लागलं नाही. ते मी घरी ठेवून येऊ शकत नाही, ते कामच होतं माझं. पण तो हात आवरायला मी शिकू शकते. एक आठवडा द्या मला. मी मागतेय, विनंती म्हणून नाही. मला हे काम येतं म्हणून."

मालकीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. तारखांची वही पुढे ओढली. "पुढच्या आठवड्यातली तारीख घेते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मात्र मला काही सांगायला येऊ नका."

तो केलेलं पाहून शिकतो म्हटल्यावर आधी तिलाच बदलणं भाग होतं. मांडीखाली दाबलेला हात तो बघणार तरी काय? तिने उजव्या हातात पाण्याने भरलेला पेला धरून शिकवायला सुरुवात केली. पहिल्या ब्रेकला पेला त्याच्या इस्त्रीच्या पँटवर. दुसऱ्या दिवशीही. "मी ओला होतोय, पण शिकतोय," तो म्हणाला. रांगेविषयी त्याने चकार शब्द काढला नाही, पण रोज एक जादा रुमाल घेऊन येऊ लागला. एक तिच्यासाठी. आठवड्याच्या शेवटी एक स्कूटर आडवी आली, तिचा पाय ब्रेकवर गेला आणि पेला हातात तसाच राहिला, भरलेला. दोघांनी त्या पेल्याकडे पाहिलं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण आत कुठेतरी चुटपुटही लागली.

दुसऱ्या परीक्षेत परीक्षक दाराला चिकटून, छातीवर दोन्ही हात घेऊन बसले. कुत्रं आलं नाही, पण एक चेंडू आला. त्याने ब्रेक मारला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. फक्त डाव्या हाताची बोटं एकदा उचलली आणि परत मिटली, आणि ते मागून तिला एकटीलाच दिसलं.

"पास," परीक्षक मोठा श्वास सोडत म्हणाले.

त्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी तिच्या हातात गाडीच्या किल्ल्या कायमच्या ठेवल्या आणि दोन नवे विद्यार्थी गळ्यात बांधले. अभिनंदन वगैरे काही नाही. तिलाही ते नको होतं.

पुढच्या सोमवारी काम संपवून ती बाहेर आली, तर फाटकाशी वाचनालयाची निळी व्हॅन उभी. थोडी वाकडी उभी होती, पण उभी होती. पाऊस भुरभुरत होता. त्याने आतून दार उघडलं.

"घरी सोडू? व्हॅनमध्ये पाण्याची बाटली आहे. बाथरूमला जाऊन आलोय."

ती चढून बसली. सवयीने तिने पाय पुढे टाकला. खाली नुसती चटई होती.

"ब्रेक नाहीये तिकडे," तो म्हणाला. "भीती वाटते?"

"वैताग आलाय," ती म्हणाली. ते खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

बाजाराच्या चौकापर्यंत तो नीट आला. तिथे दिवा पिवळा झाला आणि पुढची रिक्षा गपकन थांबली. त्याने ब्रेक मारला. त्याचा डावा हात सुटला, तिचा उजवा हात सुटला, आणि दोन्ही हात सीटच्या मधोमध एकमेकांवर आपटले. इतकी वर्षं तिनेच सगळ्यांसाठी हात आडवा घातला होता. तिच्यासाठी कुणाचा हात आलेला तिने आज पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने तो हात धरला, आधी उजव्या हाताने, मग नीट, डाव्या हातात घेऊन.

काचेवरून पाणी ओघळत होतं. या वेळी वायपर खरोखरच लावायला हवे होते, पण कुणालाच सुचलं नाही.

"माझा नंबर आला का?" त्याने विचारलं. आवाज शांत नव्हता. तो पहिल्यांदाच घाईत होता.

"आलाय केव्हाचा," ती म्हणाली. "फोन उचलायला मीच घाबरत होते."

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले.

"अहो," तो कासावीस होऊन म्हणाला, "हात... गिअर टाकायचाय."

तिने हात सोडला नाही. मोकळा झालेला उजवा हात तिने गिअरवर ठेवला.

"तुम्ही क्लच दाबा," ती म्हणाली. "गिअर मी टाकते."